तिसरा गळा

१

आमच्या गाडीला चार गळे आहेत आणि दर रविवारी सकाळी मी ते ऐकते.

गाडी म्हणजे अल्फा रोमिओ. सन १९६६, दोन दारं, गर्द हिरवा रंग, जन्म इटलीचा. हुडकेश्वरमध्ये अशी दुसरी नाही. रस्त्यात लोक बाबांना थांबवून विचारतात, "भाऊ, ही जुनी फियाट काय?" बाबा म्हणतात, "तिची मावशी आहे." पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "किती देते?" त्याचं उत्तर बाबा देत नाहीत, नुसते हसतात.

मी पहिलीत असताना त्यांनी ती कामठीच्या एका बंगल्यातून आणली. तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. बदल्यात बाबांनी स्वतः जुळवलेली जीप देऊन टाकली, म्हणून सगळ्या नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं. गाडी उभी राहायला सात वर्षं लागली. इंजिनाच्या सांध्यांत बसणारी गॅस्केटं बाबांनी हाताने कापली आहेत. स्पीडोमीटरची काच शेजारच्या चंद्रभान काकांनी बसवली, त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. सीटचं कातडं आईने शिवलं. एक टाका वाकडा आहे, तो कुठे आहे ते मी कुणाला सांगत नाही.

बॉनेट उघडलं की इंजिनाच्या बाजूला दोन कार्बुरेटर दिसतात, प्रत्येकाला दोन तोंडं. इंजिन या चार तोंडांतून हवा आत ओढतं, एका तोंडातून एका सिलिंडरला. बाबा त्यांना गळे म्हणतात आणि त्या ओढीला दम म्हणतात. चारही गळ्यांचा दम सारखा असला तरच गाडी गाडीसारखी चालते. तो मोजायची यंत्रं मिळतात, पण आमच्याकडे तो कानाने मोजतात. गॅसच्या नळीचा हातभर तुकडा घ्यायचा, एक टोक कानात, दुसरं गळ्यापाशी. 'सूऽऽ' असा आवाज येतो. ज्याचा दम सगळ्यांत चांगला तो गळा म्होरक्या. मग पेचकसने स्क्रू फिरवून बाकीच्या तिघांना त्याच्या बरोबरीला आणायचं.

ही आमच्या गॅरेजची पद्धत. मी वर्गात हात वर करून कधी उत्तर दिलेलं नाही, पण ही पद्धत मला बाबांइतकी येते.

२

बाबांइतकी म्हणणं आता खरं नाही, आणि ही गोष्ट फक्त मला माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी बाबांनी नळी आधी उजव्या कानाला लावली, मग डाव्या, मग परत उजव्या. त्यांनी स्क्रू फिरवला तो चुकीच्या बाजूला. गाडी लंगडायला लागली. बाबा तिच्याकडे पाहत राहिले. तीस वर्षं एक्झॉस्टच्या शेजारी उभं राहून त्यांच्या कानातून बारीक आवाज निघून गेले होते. माणसांचं बोलणं ऐकू येतं, पातेल्याचं झाकण ऐकू येतं, पण दम ऐकू येत नाही.

मी पुढे होऊन त्यांच्या हातातून नळी घेतली. त्यांनी पेचकसही माझ्या हातात दिला. तेव्हापासून गिऱ्हाईक समोर असलं की बाबा म्हणतात, "पोरीले शिकवून राहिलो," आणि मी ऐकते.

या जानेवारीत शहरात जुन्या गाड्यांचा मेळावा होता. बाबांनी पहिल्यांदाच नाव दिलं. फॉर्म भरताना ते एका रकान्यापाशी थांबले. 'ट्यूनिंग कोणी केले'. तिथे त्यांनी आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं, प्रणाली संघपाल रामटेके.

"माझं काहून?" मी विचारलं.

"काहून म्हणजे? काम तू करतं अन् नाव माझं लिहू काय?"

आई आतून म्हणाली, "दहावीचं वर्ष आहे तिचं. पेपरात काय गाडी ट्यून करून दाखवणार आहे?"

"तिथं गणपतराव तपासणार आहेत," बाबा हळू आवाजात मला म्हणाले. "सत्तर वर्षांचा जुना मिस्त्री आहे, पण कान पक्का. त्यांनी पास केलं म्हणजे झालं. मग मले चिंता नाही." जरा थांबून ते म्हणाले, "माझ्या जागी कान आहे, एवढं एकदा लोकाइले दिसलं पाहिजे."

मी मान हलवली. त्या रात्री मला आनंदाने झोप आली नाही. माझा कान चुकला तर बाबांकडे दुसरा कान नव्हता, हेही मी त्याच रात्री पहिल्यांदा मोजलं.

३

मेळाव्याच्या आधीच्या आठवड्यात बाबांनी दोन्ही कार्बुरेटर काढून धुतले आणि शनिवारी परत बसवले. रविवारी सकाळी मी नळी घेतली.

पहिल्या गळ्याचा दम जरा जोराचा होता. दुसऱ्याचा बारीक. चौथा खरखरत होता. तिसऱ्याला नळी लावली आणि मी पेचकस खाली ठेवला.

इतका चांगला दम मी कधी ऐकला नव्हता. मऊ, भरलेला, एकसारखा. त्यात इंजिनाची धडधड नव्हतीच. मी तिसऱ्याला म्होरक्या केलं आणि अर्धा तास खपून बाकीच्या तिघांना त्याच्यापाशी आणलं. शेवटच्या पाव फेऱ्याला इंजिनाचा आवाज असा बदलला की चंद्रभान काका हातातलं घड्याळ तसंच घेऊन बाहेर आले.

"बंद पडली काय गा, संघपाल?"

"चालू आहे," बाबा म्हणाले. त्यांनी स्टीलचा ग्लास काठोकाठ भरून चालू इंजिनावर ठेवला. पाणी हललं नाही. बाबांनी तळहात इंजिनाजवळ धरला. कान गेल्यापासून ते असंच ऐकतात.

"बाई," ते म्हणाले, "तू तर मले मागं टाकलं."

दिवसभर माझे पाय जमिनीवर नव्हते. संध्याकाळी भूमितीचं गणित सोडवताना मात्र एक गोष्ट आठवली आणि माझी पेन्सिल थांबली. गळा हवा आत ओढतो. दम नेहमी आतच जातो. पण तिसऱ्या गळ्याचा आवाज आत जात होता, जरा थांबत होता आणि बाहेर येत होता. मग परत आत.

पंख्याचा वारा असेल, असं मी मनाशी म्हटलं. कधी कधी इंजिन उलटी फुंकर मारतं, हेही मला माहीत आहे. पण ती फुंकर फटफट अशी येते. ही सावकाश होती.

मी तो आवाज आठवून मोजला. मिनिटाला चौदा-पंधरा वेळा. इंजिन मिनिटाला आठशे फेरे मारत होतं.

४

कार्बुरेटर काढले की मागे इंजिनात जाणारी चार भोकं उघडी पडतात, एकेका गळ्याचं एकेक. त्यांत एखादा नट पडला तर इंजिन गेलंच. म्हणून बाबा आईच्या जुन्या पिवळ्या लुगड्याचे चार बोळे करून त्यांत घट्ट बसवतात. काम झालं की बोळे काढायचे, मी ते धुऊन तारेवर टाकायचे. हे बोळे आमच्याकडे मी चौथीत असल्यापासून आहेत.

सोमवारी शाळेतून आल्यावर मी बोळे धुवायला घेतले, तर तीनच निघाले.

बाकाखाली पाहिलं. डब्यांच्या मागे पाहिलं. आईला विचारलं.

"मले काय करायचे तुमचे तेलाचे बोळे?" ती म्हणाली. "त्याची भाजी करू?"

मी पायरीवर बसून नीट विचार केला. बोळा आत राहिला असता तर त्या गळ्यातून हवाच गेली नसती. इंजिन तीन सिलिंडरवर धडपडलं असतं. आमचं इंजिन तर कधी नव्हे इतकं सुंदर चाललं. म्हणजे बोळा आत नाही. यात कुठेही चूक नव्हती. मी हा विचार तीन वेळा केला आणि तीनही वेळा तो बरोबर आला.

बाबांना सांगता आलं असतं. पण बोळे त्यांनी काढले होते. कानापाठोपाठ हातही चुकायला लागले, असं त्यांना मेळाव्याच्या आठवड्यात मी कसं सांगणार होते?

गुरुवारी बाबा एका गिऱ्हाइकाची गाडी आणायला रामदासपेठेत गेले होते. मी गॅरेजचं दार लोटलं आणि मागचा कार्बुरेटर काढला. चार नट, वीस मिनिटं. एकही नट खाली पडला नाही, याचा मला तेव्हाही अभिमान वाटला.

बोळा तिसऱ्या भोकात होता. बाबांनी जसा ठासला होता तसाच.

मी तो चिमट्याने ओढला. तो ओला होता. मला वाटलं पेट्रोल, म्हणून हुंगला. पेट्रोल नव्हतं. पांघरूण तोंडावर घेऊन रात्रभर झोपल्यावर सकाळी त्या पांघरुणाला जसा वास येतो, तसा त्याला येत होता. आणि तो कोमट होता. गाडी रविवारपासून सुरू झाली नव्हती.

पत्र्याचं छप्पर उन्हाने तडतडलं. मी त्या भोकात पाहिलं नाही. टॉर्च शेजारीच होता, पाहता आलं असतं. मी कार्बुरेटर परत बसवला, नट आवळले आणि मगच श्वास सोडला.

५

बोळा काढल्यावर गाडी बिघडली.

तिसऱ्या गळ्यातून आता साधा दम येत होता, इतर तिघांसारखाच, जरा कोरडा. खरं तर असाच यायला हवा. पण मी बाकीचे तिघे त्या दुसऱ्या आवाजाला जुळवले होते, आणि माझ्या कानात तोच बसला होता. गुरुवारी संध्याकाळी मी पहिल्यापासून सुरुवात केली. शुक्रवारीही केली. प्रत्येक गळा मला पातळ वाटत होता. ग्लासातलं पाणी इंजिनावर सांडलं.

बाबांनी तळहात धरला आणि लगेच काढून घेतला.

"काय झालं वं? रविवारी तर कशी होती."

"जमेल, बाबा."

"शाळेचा ताण आहे काय? राहू दे मंग. नाही गेलो तर काय बिघडते?" ते हसून बोलले. पण मग त्यांनी नळी उचलली, उजव्या कानाला लावली, डाव्या कानाला लावली, आणि कुणी पाहत नाही असं समजून नळी झटकली. नळीत काही अडकलं असेल, अशी त्यांना आशा होती.

ते मी पाहिलं.

शनिवारी दुपारी बाबा टाकीत पेट्रोल भरायला कॅन घेऊन गेले, तेव्हा मी मागचा कार्बुरेटर पुन्हा काढला. बोळा धुऊन तारेवर टाकला होता, कडक वाळला होता. मी तो घडी करून तिसऱ्या भोकात बसवला, बाबांसारखा अंगठ्याने ठासला. वर गळा बसवला, नट आवळले.

मग बाकीच्या तिघांचे स्क्रू आधीच्या जागी आणले, चंद्रभान काकांना दुकानातून बोलावून गाडीत बसवलं, नळी तिसऱ्याला लावली आणि त्यांना किल्ली फिरवायला खुणावलं. इंजिन सुरू झालं.

थोडा वेळ तिसऱ्या गळ्यात काहीच नव्हतं. बंद खोलीसारखी शांतता. इंजिन लंगडत होतं. काका म्हणाले, "हे काही बराबर नाही, पोरी."

मग आत कुणीतरी कूस बदलावी तसा एक आवाज झाला, आणि दम सुरू झाला. आत. थांबणं. बाहेर. इंजिन सरळ झालं. काका "अरे वा!" म्हणाले.

बाबा कॅन घेऊन फाटकातच उभे होते. त्यांचा खुललेला चेहरा पाहून मी ठरवलं की मी काही चूक केलेली नाही.

६

रविवारी सकाळी आम्ही निघालो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मी बाजूच्या सीटवर होते. आई फाटकापाशी उभी राहून ओरडली, "हळू चालवा! अन् तिले काही तरी खाऊ घाला!"

ही गाडी चालताना कशी असते ते सांगायला हवं. स्टेअरिंग पातळ लाकडी आहे. गिअरचा दांडा डॅशबोर्डाखालून तिरपा येतो, आणि बाबा गिअर बदलतात तेव्हा त्यांचं मनगट जेमतेम हलतं. मानेवाड्याच्या चौकात पोलिसाने हात दाखवून आम्हाला थांबवलं, ते फक्त पाहण्यासाठी. एका स्कूटरवरच्या बाईने अंगठा दाखवला. मी रस्त्यावर एरवी खाली मान घालून चालते. त्या दिवशी मी मान वर ठेवली.

मेडिकल चौकाच्या सिग्नलला काचा वर होत्या. इंजिन इतकं शांत होतं की मला दम नळीशिवाय ऐकू येत होता. थोड्या वेळाने लक्षात आलं की मीही त्याच वेळी श्वास घेते आहे, त्याच वेळी सोडते आहे. मुद्दाम मी श्वास रोखला.

इंजिन खाली बसायला लागलं. आरपीएमचा काटा उतरला. बाबांनी चमकून काट्याकडे पाहिलं. मी श्वास घेतला आणि काटा वर आला.

"पेट्रोलात कचरा असन," बाबा म्हणाले.

मेळाव्यात तीस-पस्तीस गाड्या होत्या. गणपतराव काठी टेकत आले. त्यांनी पाण्याचा ग्लास ठेवून पाहिला, वाकून एक्झॉस्ट हुंगला, फॉर्म वाचला.

"प्रणाली कोण?"

"माझी पोरगी," बाबा म्हणाले. एवढ्या मोठ्याने की शेजारच्या गाडीची माणसं वळली. मला जमिनीत जावंसं वाटलं आणि तिथेच उभं राहावंसंही वाटलं.

"नळी आहे?"

मी दिली. ते पहिल्या गळ्यावर थांबले आणि मान हलवली. दुसऱ्यावर थांबले. चौथ्यावर. "वा," म्हणाले. मग तिसऱ्यावर. तिथे ते बराच वेळ वाकून राहिले. मग नळी माझ्या हातात दिली, खिशातून रुमाल काढला आणि कान आतून पुसला. एकदा, दोनदा. रुमालाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"ट्यूनिंगला? आठवडा," बाबा मध्येच म्हणाले.

गणपतरावांनी फॉर्मवर सही केली आणि काठी टेकत गेले. ते आमच्या रांगेत परत आले नाहीत. दुपारी उत्कृष्ट देखभालीची ढाल आम्हाला मिळाली. ती घ्यायला बाबांनी मला पाठवलं. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी पायऱ्या न अडखळता चढले.

७

घरी आलो तेव्हा साडेतीन वाजले होते. गॅरेजमध्ये ऊन तिरपं येत होतं. बाबांनी गाडी बंद केली, किल्ली माझ्या हातात दिली आणि इंजिन थंड व्हायला बॉनेट उघडलं. ढाल त्यांनी बाकावर ठेवली, मग उचलून जरा डावीकडे ठेवली.

"आण बरं नळी," ते म्हणाले. "आज मले पाहू दे एकदा."

"गाडी बंद आहे, बाबा."

"माहीत आहे वं. नुसती लावून पाहतो." त्यांनी हात पुढे केला. "इतक्या लोकाइनं ऐकलं. मीच नाही ऐकलं."

मला नाही म्हणता आलं नाही. त्यांनी नळी उजव्या कानात घातली, जो कान जास्त गेला आहे त्यात. पहिल्या गळ्यावर धरली. त्यांचा चेहरा तसाच राहिला. दुसऱ्यावर तसाच. मी त्यांना थांबवायला तोंड उघडलं, पण ते तिसऱ्यावर पोहोचले होते.

बाबांचा चेहरा हळूहळू उजळला. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता, ढाल मिळाली तेव्हाही नाही.

"आलं!" ते म्हणाले. "प्रणाली, मले ऐकू येऊन राहिलं!"

किल्ली माझ्या मुठीत होती. मी ती इतकी घट्ट धरली होती की दाते तळव्यात रुतले.

"बाबा, बास."

त्यांनी बोट वर करून मला गप्प केलं. फोनवर कुणी लांबून बोलत असलं की आपण जसं डोळे बारीक करून ऐकतो, तसे ते ऐकत होते. एकदा त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "हो."

ते मला म्हणाले नव्हते.

"हो," ते परत म्हणाले, आणि मग सकाळच्याच त्या मोठ्या, भरलेल्या आवाजात, "माझीच पोरगी."

खरं सांगायचं तर भीतीच्या आधी मला अभिमान वाटला. तो ओसरायला एक-दोन श्वास लागले, आणि तेवढ्या वेळात मी पाहिलं. बाबा एका हाताने डोळे पुसत होते आणि दुसऱ्या हाताने मला जवळ बोलावत होते. नळीचं एक टोक त्यांच्या कानात होतं. दुसरं टोक तिसऱ्या गळ्याच्या तोंडाशी ताठ होतं, आणि ते कुणीच धरलेलं नव्हतं. बाहेरून तरी नाही.